जोतीरावांची शाळा एकदा सुटली होती

लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडायचा की आलं भाजे. ट्रेकवाल्यांना हा रस्ता पाठ आहे. एका अंगाला लोहगड, एका अंगाला विसापूर, मध्ये लेणी. पावसाळ्यात इथे धबधब्याखाली अर्धं पुणे भिजत असतं. मी गेले ती नोव्हेंबरात, तेही बुधवारी, त्यामुळे गर्दी नव्हती. भात कापून झालं होतं आणि खाचरांत झोडणी चालू होती. लेण्यांकडे वळायच्या आधी एका खळ्यावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा डोक्यावरून पेंढ्या वाहत होता. आज शाळा नाही का, असं मी आगाऊपणाने विचारलं. त्याच्या आईने हात न थांबवता सांगितलं की शाळा आहे, पण झोडणी उरकली की जाईल. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. मलाच विचारल्याची लाज वाटली.

माझ्या बॅगेत तेव्हा महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाची काही झेरॉक्स पानं होती. २८ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन, आणि या पानासाठी त्यांच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. खरं सांगायचं तर मला जरा कंटाळाच आला होता. जोतीराव आपल्याला चौथीपासून माहीत. पगडी, उपरणं, मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, पाच मार्क. पण परतीच्या लोकलमध्ये ती पानं उघडली आणि १८८२ सालच्या एका सरकारी निवेदनात मला तेच खळं सापडलं. खेड्यातली गरीब माणसं मुलांना शाळेत का पाठवत नाहीत, याचं कारण जोतीरावांनी तिथे लिहिलंय. गरिबी आहे, आणि मुलं गुरं राखायला आणि शेतात हाताशी लागतात. कारण लिहून ते थांबत नाहीत, त्यावर काय करायचं तेही लिहितात. म्हणून मग सगळं पहिल्यापासून वाचलं.

जोतीराव १८२७ साली पुण्यात जन्मले. मूळ आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचं कटगुण. घराण्याने पेशव्यांना फुलं पुरवली, म्हणून फुले. वर्षाचे व्हायच्या आत आई चिमणाबाई गेल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवलं. वडील गोविंदराव यांचा भाजी-फुलांचा व्यवसाय होता, आणि माळ्याच्या मुलाने शाळेत जावं असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नव्हतं. तरी गोविंदरावांनी सातव्या वर्षी त्यांना शाळेत घातलं.

आता पुस्तकात एका ओळीत येतो तो भाग. गोविंदरावांच्या दुकानात एक कारकून होता. शिकला तर पोरगा कामातून जाईल, असं त्याने मालकाच्या कानात भरवलं. गोविंदरावांनी ऐकलं. ते वाईट बाप नव्हते, चारचौघांसारखे होते. शाळा सुटली, जोतीराव मळ्यात खुरपं धरू लागले. मग शेजारच्या दोघांचं लक्ष गेलं. एक गफार बेग मुन्शी, फारसी शिकवणारे. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. मळ्यातून आल्यावर हा मुलगा रात्री दिव्याशी पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी गोविंदरावांना समजावलं, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. तेव्हा ते जवळपास चौदा वर्षांचे होते. आपण त्या वयात नववीत असतो आणि ट्यूशन बुडवायची कारणं शोधत असतो.

मला या प्रसंगापाशी बराच वेळ थांबावंसं वाटतं. एका माणसाच्या शब्दाने शाळा बंद झाली, दोन माणसांच्या शब्दाने सुरू झाली. आजूबाजूच्या मळ्यांतल्या ज्या मुलांचे शेजारी काही बोलले नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जोतीरावांचं पुढचं आयुष्य मला या एका गोष्टीच्या मागे लागल्यासारखं दिसतं. मुलाचं शिक्षण शेजाऱ्याच्या भलेपणावर अवलंबून असता कामा नये.

१८४७ मध्ये इंग्रजी शिक्षण पूर्ण झालं. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर असे ब्राह्मण मित्र मिळाले होते, ते पुढे कामातही सोबत राहिले. याच सुमाराला थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक हाती आलं. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले आणि शूद्र असून आमच्याबरोबर कसा चालतोस म्हणून त्यांना अपमान करून बाजूला काढण्यात आलं. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घरी येऊन त्यांनी फक्त स्वतःच्या अपमानाचा हिशेब मांडला नाही. त्यांच्याही खाली ढकलल्या गेलेल्यांचं काय, इकडे ते वळले.

त्याच वर्षी बुधवार पेठेत तात्याराव भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. दगडूशेठला जाताना समोर ही जागा लागते. मोडकळीला आलेली जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी पाडली. शाळेला शिक्षिका हवी, ती मिळेना, म्हणून जोतीरावांनी बायकोला शिकवलं होतं. सावित्रीबाई रोज त्या रस्त्याने जात, लोक अंगावर शेण-चिखल टाकत, आणि त्या जादा लुगडं जवळ ठेवत. हे वाचताना मला अमेरिकेतली रूबी ब्रिजेस आठवते. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची ही काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, तेव्हा बाहेर ओरडणाऱ्या जमावातून तिला सरकारी मार्शल आत घेऊन जात होते. सावित्रीबाईंच्या सोबत मार्शल नव्हते.

१८४९ मध्ये गोविंदरावांवर लोकांचा दबाव एवढा वाढला की त्यांनी मुलाला शाळा किंवा घर, यातलं एक निवडायला लावलं. म्हणजे जोतीरावांच्या आयुष्यात लोक काय म्हणतील हे दुसऱ्यांदा शिक्षणाच्या आड आलं. या वेळी ते विशीत होते. ते घरातून निघाले, सावित्रीबाईही निघाल्या. उस्मान शेख या मित्राने आसरा दिला. १८५१ आणि १८५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा निघाल्या. १८५२ मध्येच वेताळ पेठेत महार-मांग मुलांसाठी शाळा सुरू झाली आणि पुढच्या वर्षी या शाळा चालवायला एक मंडळी स्थापन झाली. लहुजी वस्तादांनी वस्त्यांमधून मुलं आणायला मदत केली. आजच्या भाषेत ड्रॉपआउट सर्व्हे म्हणा, फक्त तो पहिलवानाने केलेला.

त्या शाळांमधून काय निघालं याचा एक पुरावा आहे. मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. विषय होता महार-मांगांचं दुःख. तिचं वय तेव्हा आपल्याकडच्या शाळकरी मुलीएवढं होतं. धर्म कोणाचा, पुस्तकं कोणाची, आम्हाला त्यात जागा कुठे, असे प्रश्न तिने विचारलेत. तो निबंध नेटवर मिळतो, तीन-चार पानांचा आहे, वाचाच. मी मास कॉममध्ये तीन वर्षं लेख कसा लिहावा हे शिकले आणि तो वाचून गप्प बसले.

त्याच १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी त्यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिलं. त्यात जोशीबुवाकडून लुबाडलं गेलेलं कुणबी जोडपं शेवटी फुल्यांच्या रात्रशाळेकडे निघतं. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, कमिटीने नाकारलं. छापून यायला शंभरहून जास्त वर्षं लागली.

या काळात सरकारी शाळांची काय स्थिती होती? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मिळाला नाही. सरकारचं म्हणणं असं की एकाला घेतलं तर बाकीचे सगळे शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, आणि दारावर जातीचा पहारा. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच वेळी गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा कित्येक राज्यांत कायद्याने गुन्हा होता. आपल्याकडे रूढीनेच काम भागत होतं.

अमेरिकेचं नाव मी ओढूनताणून आणत नाहीये. ते जोतीरावांनीच आणलंय. तिथलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, गुलामगिरी रद्द झाली. १८७३ साली जोतीरावांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच गुलामगिरी ठेवलं, आणि ते अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा ही त्यामागची आशा. तेव्हा ना फोन, ना इन्स्टा. पुण्याच्या गंज पेठेतला एक माणूस इथल्या शूद्रातिशूद्रांचं आणि तिथल्या काळ्यांचं दुखणं शेजारी-शेजारी ठेवून बघत होता. आज जात आणि वंश यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तकं बेस्टसेलर होतात, तेव्हा मला हे पान दाखवावंसं वाटतं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

कॉलेज कट्ट्यावर एक आक्षेप नेहमी येतो, म्हणून तोही घेते. जोतीराव इंग्रजांबद्दल फार मवाळ होते, मिशनऱ्यांबद्दलही. मवाळ होते हे खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना शाळेचं दार मिशनच्या शाळेत उघडलेलं दिसलं होतं. पण शेतकऱ्याचा असूड वाचलं तर गोऱ्या अंमलदारांच्या आळसावर आणि त्यांनी वाढवलेल्या कर-पट्ट्यांवरही कोरडे ओढलेले दिसतात. आणि पुणे नगरपालिकेचे ते १८७६ ते १८८२ सदस्य होते, तेव्हाची एक गोष्ट आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. विरोधात मत एकच पडलं, जोतीरावांचं. ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. बैठकीत सगळे हो म्हणत असताना एकट्याने नाही म्हणून पाहा. आम्हाला कॉलेजच्या गॅदरिंग कमिटीतही जमत नाही.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग आला आणि १९ ऑक्टोबरला जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं. हेच माझ्या बॅगेतले कागद. यात वक्तृत्व नाही, हिशेब आहे. त्यांची मांडणी साधी आहे. सरकारचा बहुतेक महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो. त्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. आधी वरच्यांना शिकवू, मग विद्या आपोआप खाली झिरपेल, असं सरकार धरून चाललंय आणि ती झिरपत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ खेड्यांत, म्हणजे दहा लाखांच्या आसपास मुलांसाठी, शाळेची कसलीच सोय नाही असं सांगितलं जातं. शिक्षणाच्या नावाने वेगळा कर गोळा होतो, तो तरी शिक्षणावर लावा. लोकल फंडातला निदान अर्धा भाग प्राथमिक शाळांना द्या.

मग मागण्या. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शाळा वाढवून भागणार नाही, गरिबांच्या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बक्षिसं द्या, म्हणजे आई-बापांना मूल शाळेत ठेवणं परवडेल. भाज्याच्या खळ्यावरचं उत्तर हेच. त्या बाईला शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही, ते तिला पटलेलं आहे. तिला पोराच्या चार दिवसांच्या कामाची भरपाई हवी आहे. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब यांच्या जोडीला थोडा इतिहास-भूगोल, शेतीची माहिती आणि आरोग्य ठेवा. शिक्षकाला कमीत कमी बारा रुपये पगार द्या. आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा, जे मुलांच्या घरच्यांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगर धरायला किंवा सुताराचं हत्यार हातात घ्यायला लाजणार नाहीत. जवळपास सगळे मास्तर एकाच जातीचे असले की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

एक मागणी मला आधी खटकली. महार-मांगांची वस्ती जिथे मोठी आहे तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, असं ते म्हणतात. आपण शिकलोय की वेगळी शाळा म्हणजे विषमता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात नेमकं तेच सांगितलं. मग जोतीराव असं का म्हणतात? कारण धारवाड. चालू शाळेत मूल बसूच देत नसतील, तर वर्गमित्रांची मनं बदलेपर्यंत त्याने काय करायचं? वाट पाहण्यात त्याचं शिकायचं वय निघून जातं. हे वय निघून जाणं म्हणजे काय, ते जोतीरावांना मळ्यात कळलं होतं. तरीही मला ही मागणी शंभर टक्के पचलेली नाही. वेगळी शाळा एकदा निघाली की ती वेगळीच राहते, अशी भीती उरतेच.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. १९११ मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही फेटाळलं गेलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं. देशपातळीवरचा शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. म्हणजे निवेदनानंतर १२८ वर्षांनी.

या सगळ्याला पैसा कुठून येत होता? जोतीराव व्यवसाय करत. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला, कंत्राटं घेतली. समाजकार्य म्हणजे झोळी, हे चित्र त्यांना लागू पडत नाही. १८६३ मध्ये त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, यशवंत. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागदागिने घालून बसलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यात जाऊन बघा, असं त्यांनी राजपुत्राला सांगितलं. मे महिन्यात मुंबईकरांनी त्यांना महात्मा म्हटलं. जुलैत अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. सार्वजनिक सत्यधर्म हे शेवटचं पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं.

यशवंत डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

भाज्याला त्या दिवशी लेणीही पाहिली. दोन हजार वर्षांपूर्वी दान देणाऱ्यांची नावं तिथे ब्राह्मीत कोरलेली आहेत. उतरताना परत खळ्यापाशी थांबले. झोडणी आठवड्यात संपेल, मग पोरगा जाईल, असं त्याच्या आईने सांगितलं. मास्तर ओळखीचे आहेत, बोलणार नाहीत. मग तीच म्हणाली की आमचं तरी बरं, कातकऱ्यांच्या पोरांचं बघा. मावळात कातकरी वस्त्या विखुरलेल्या आहेत. दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात, पोरंही बरोबर. ठाणे-पालघरकडे भट्टीवरच भोंगा शाळा भरवण्याचे प्रयत्न झालेत. सरकारचं शिक्षण हमी कार्डही आहे, गाव सोडताना मुलाला ते द्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचं. पण त्यासाठी कुटुंब कधी निघालं हे शाळेला कळावं लागतं, आणि भट्टीपासून शाळा चालत जाण्याइतकी जवळ असावी लागते. दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं सरकारने काढलंच आहे, आणि असा पट कुठे असतो? वाड्या-वस्त्यांवर.

वस्तीतली दोन मुलं तिच्या पोराच्या वर्गात आहेत, असं ती म्हणाली. दिवाळीपासून दिसली नाहीत. कुठल्या भट्टीवर गेलीत ते तिला माहीत नव्हतं. हजेरीपटावर नावं आहेत, पावसाच्या तोंडाला येतील परत.